शास्त्रीय ऐकणाऱ्या मामाजींना पॉप अल्बम देताना

भजनी मंडळात पेटी धरणाऱ्या मामाजींना पॉप द्यायचंच असेल, तर आधी गाणाऱ्याचा गळा पाहा. शुभा मुद्गल यांचा १९९९चा ‘अब के सावन’ चालेल. माझी पसंती मात्र हरिहरन-लेस्ली लुईस यांच्या १९९६च्या ‘कलोनियल कझिन्स’ला. त्यातलं ‘कृष्णा’ आधी लावा: यमुनाकल्याणीतलं (यमनच्या जवळचा कर्नाटकी राग) जुनं कन्नड पद, शेजारी इंग्रजी ओळी. यमन ओळखणारा कान तिथंच थबकतो. रीमिक्स नकोच, बाप्पा!

गावात रेंजचा भरवसा नाही, सीडी प्लेअर तर आता कोणाकडं? गाणी रीतसर विकत घेऊन एमपी-थ्री स्वरूपात पेन ड्राइव्हवर टाका. तो फॅट-३२मध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केलेला असू द्या. पुष्कळ छोटे स्पीकर दुसरं काही वाचतच नाहीत. आणि सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावरच द्या.