परदेशी व्हॉइस प्रोसेसचं कोटेशन: आधी क्लायंटच्या बाजूने हिशोब मांडा

पुण्या-मुंबईतले बरेचसे छोटे बीपीओ (दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणाऱ्या कंपन्या) परदेशी क्लायंटसमोर एकच पत्ता टाकतात, ताशी दराचा. समोरचा १३ डॉलर म्हणाला की आपण ११. या खेळात मनिला आणि सेबूही आहेत, आणि २०१० च्या सुमारास फिलिपीन्सने व्हॉइसच्या, म्हणजे फोनवरच्या कामात भारताला गाठलं ते काही नुसत्या दरावर नाही. तेव्हा दर कापण्याआधी क्लायंट काम इकडे का पाठवतोय ते कागदावर मांडा.

कॉल सेंटरच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगाराचा असतो, म्हणून पहिलं कारण पगारच. त्याच्याकडची रात्र म्हणजे आपला दिवस, हे दुसरं. तिसरं कारण क्लायंट सहसा उघड सांगत नाही. सणासुदीला किंवा थंडीत कॉल दुप्पट झाले तर वाढीव माणसं भरण्याची आणि नंतर कमी करण्याची डोकेदुखी त्याला दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असते. काम इकडे पाठवणं नवीनही नाही. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत स्वतःचं बॅक ऑफिस उघडलं, त्यातूनच पुढे डब्ल्यूएनएस ही बीपीओ कंपनी उभी राहिली. एप्रिल २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉलवरची व्हीएसएनएलची (विदेश संचार निगम) मक्तेदारी संपली, लाइनचा खर्च उतरला आणि फोनवरचं कामही परवडू लागलं.

आता हिशोब. आकडे सोयीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, क्लायंटच्या देशात एजंटचा एकूण खर्च ताशी ३२ डॉलर आहे, कॉल सरासरी ६ मिनिटांचा आणि एजंट ८० टक्के वेळ कॉलवर. म्हणजे तासाला ८ कॉल, कॉलमागे ४ डॉलर. त्यातल्या ८० टक्के तक्रारी पहिल्याच कॉलमध्ये सुटत असतील, तर सुटलेल्या तक्रारीमागे ५ डॉलर पडले. तुमचा दर १३ डॉलर. पण कॉल साडेसात मिनिटांवर गेला, तर तासाला ६.४ कॉल आणि कॉलमागे साधारण २.०३ डॉलर. पहिल्या कॉलमध्ये सुटण्याचं प्रमाण ६५ टक्के धरलं, तर सुटलेल्या तक्रारीमागे ३.१२. शिवाय दहातला एक कॉल क्लायंटच्या माणसांकडे परत गेला, तर प्रत्येक कॉलवर आणखी ४० सेंट. म्हणजे कॉलमागे २.४३ आणि सुटलेल्या तक्रारीमागे आकडा जातो ३.७४ वर. ताशी दरात जी बचत ५९ टक्के दिसत होती ती उरली २५ टक्के, आणि त्यातून ट्रेनिंग, प्रवास, दुहेरी लाइन अजून वजा व्हायचंय. क्लायंटचा फायनान्सवाला वर्षभराने हेच गणित काढून बसतो. डेलने २००३ मध्ये कॉर्पोरेट ग्राहकांचे काही कॉल बंगळुरूहून अमेरिकेत परत नेले, सँतांदेर बँकेने २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ग्राहकांचे कॉल भारतातून माघारी नेले. दोन्हीकडे ग्राहकांच्या तक्रारींचा रेटा होता. ग्राहक साधारणपणे उच्चारावरून कुरकुर करतो, पण बहुतेकदा राग असतो तो काम न झाल्याचा.

कॉल लांबतो कुठे ते एका उदाहरणात पाहा. ब्रिटनमधल्या घरगुती बॉयलरच्या (घर गरम ठेवणारं यंत्र) प्रोसेसवर नेहमीचा कॉल येतो: "हीटिंग बंद आहे, डिस्प्लेवर एरर आलाय." ज्याने बॉयलर पाहिलाय तो आधी विचारतो, प्रेशर गेजचा काटा कुठे आहे? बॉयलर थंड असताना साधारण १ ते १.५ बार हवं. १ च्या खाली असेल तर खालचा फिलिंग लूप (नळाचं पाणी आत सोडणारी जोडनळी) उघडून पाणी भरायचं, काटा वर आला की बंद करून बॉयलर रीसेट करायचा. चार-पाच मिनिटांत विषय संपतो. सांगली-साताऱ्याकडून आलेल्या एजंटने घरात हीटिंगच पाहिलेलं नसतं. तो स्क्रिप्ट वरून खाली वाचतो, दोनदा होल्डवर टाकतो आणि शेवटी इंजिनिअरची व्हिजिट बुक करतो. ती व्हिजिट क्लायंटच्या खिशातून जाते आणि वर दिलेल्या हिशोबात दिसतही नाही. यावर उच्चाराच्या ट्रेनिंगचा उपयोग शून्य. ट्रेनिंग रूममध्ये जुना बॉयलर आणि गेज मागवून ठेवा, नेस्टिंगच्या (ट्रेनिंगनंतर देखरेखीखाली कॉल घेण्याच्या) पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने लूप हाताने उघडलाच पाहिजे. प्रोसेस कुठलीही असो, कॉलची वीस सगळ्यात मोठी कारणं क्लायंटकडून आधी मागून घ्या आणि ट्रेनिंग त्यांवरच बांधा.

माणसांची संख्या अंदाजाने सांगू नका, अर्लांग सी हे रांगेचं गणिती सूत्र वापरा. अर्ध्या तासात १०० कॉल, ६ मिनिटांचा एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) आणि ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे असतील तर फ्लोअरवर २५ एजंट लागतात. २४ वर काम ७६ टक्क्यांवरच अडकतं. सुट्ट्या, ब्रेक, ट्रेनिंग मिळून श्रिंकेज (पगार चालू पण कॉलवर नाही असा वेळ) ३० टक्के धरा, म्हणजे पगारावर ३६. एएचटी साडेसातवर गेला की ३० एजंट ८० टक्के कसेबसे गाठतात, म्हणून ३१ बसवा, म्हणजे पगारावर ४५. कोटेशन ३६ वर दिलं असेल तर वरचे नऊ तुमच्या खिशातले. अ‍ॅट्रिशन (नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण) महिन्याला ५ टक्के आणि ट्रेनिंग-नेस्टिंग सहा आठवड्यांचं असेल, तर ३६ जणांच्या प्रोसेसला दोन-तीन जण कायम ट्रेनिंगमध्ये हवेतच. माणूस गेल्यावर भरती सुरू केली की फ्लोअर दीड महिना कमीच पडतो.

लाइनचं: जी.७११ या आवाजाच्या कोडेकवर एका कॉलला सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात, १०० कॉलना साधारण ९ मेगाबिट. बँडविड्थ ही अडचण नाहीच, अडचण असते उशिराची. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. त्यापुढे ग्राहक आणि एजंट एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, मग "सॉरी, गो अहेड" करण्यात कॉलमागे वेळ जातो आणि दोष एजंटवर येतो. दोन लाइन घेतल्यात म्हणून निर्धास्त राहू नका. एक मुंबईहून पश्चिमेला आणि दुसरी चेन्नईहून पूर्वेला जाते का, ते प्रोव्हायडरकडून लेखी घ्या. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा दोन्ही लाइन पश्चिमेकडच्याच असणाऱ्यांची दुसरी लाइनही कामाला आली नाही.

परवान्याची कटकट आता कमी आहे. नोव्हेंबर २०२० पासून ओएसपी नोंदणी (कॉल सेंटरना दूरसंचार खात्याकडे करावी लागणारी) लागत नाही आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. कार्ड नंबर घेताना रेकॉर्डिंग थांबवणं, फ्लोअरवर मोबाइल आणि कागद बंद ठेवणं हे मात्र क्लायंट पहिल्याच ऑडिटमध्ये तपासतो.

शिफ्ट लावताना घड्याळ बदलाच्या तारखा आधीच रोस्टरवर लिहा. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, ब्रिटनमध्ये शेवटच्या. २०२६ मध्ये ८ आणि २९ मार्च. मधल्या तीन आठवड्यांत अमेरिकन प्रोसेसची शिफ्ट तासभर आधी सुरू होते, ब्रिटिश प्रोसेसची जागच्या जागी राहते. दोन्ही प्रोसेसचे लोक एकाच कॅबमध्ये असतील तर पहिल्या सोमवारी निम्मा फ्लोअर रिकामा मिळतो. महाराष्ट्रात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना कामावर बोलवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतची कॅब हे कायद्यानेच आलं, तो खर्च दरात धरा.

दर कसा लावायचा? मिनिटावर लावला की कॉल लांबवण्यात तुमचाच फायदा, हे क्लायंटला कळतं. कॉलवर लावला की एजंट घाईने कट करतात. पहिले ९० दिवस ताशी दर घ्या, नंतर मूळ दर थोडा उतरवून पहिल्या कॉलमध्ये सुटलेल्या तक्रारींवर बोनस मागा. पुन्हा आलेला कॉल कशाला म्हणायचं, हे करारात नेमकं लिहा: तोच ग्राहक, तेच कारण, सात दिवसांच्या आत. क्लायंटच्या अंदाजापेक्षा कॉल १५ टक्क्यांहून जास्त आले तर त्या अर्ध्या तासाचा एसएलए (ठरलेल्या वेळेत कॉल उचलण्याची करारातली अट) मोजायचा नाही, हे कलम सोडू नका. काम काढून घ्यायचं तर ९० दिवसांची नोटीस, आणि त्या काळातल्या किमान सीटचे पैसे पूर्ण.