पन्हाळा ते पावनखिंड पावसात चालायचंय? मग पायापासून सुरुवात करा

जून लागला की ओळखीतलं कोणतरी विचारतंच, यंदा पावनखिंडीला यायचंय, बॅग कुठली घेऊ, रेनकोट कुठला चांगला. बॅगेचं नंतर बघू, आधी पायाचं बोलूया. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत साधारण ४५ ते ५० किलोमीटर, दोन दिवस, आणि त्यातला बराच वेळ पाय ओलेच असतात. अर्ध्यातनं परत फिरलेली जेवढी माणसं मी बघितली त्यातली बहुतेक दम लागला म्हणून नाही, पायाला फोड आले म्हणून फिरली. म्हणून सगळं पायाच्या बाजूनंच सांगतोय.

सुरुवात निदान सहा आठवडे आधी करा. जिममध्ये ट्रेडमिलवर पळून इथं फार उपयोग होत नाही, कारण हा रस्ता चढापेक्षा उताराला आणि चिखलाला जास्त त्रास देतो. कोल्हापुरात असाल तर सोपं आहे, रविवारी पहाटे निघून चालत जोतिबाला जायचं, पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्यासुद्धा, वडाप म्हणजे शेअर जीप किंवा एसटीनं परत यायचं. दोन-तीन रविवार झाले की एक काम मुद्दाम करायचं, बूट बादलीत बुडवून ओले करायचे आणि तसेच घालून आठ-दहा किलोमीटर चालायचं. घरातले वेड्यात काढतील, काढू देत. कुठं घासतंय, कुठलं बोट लागतंय ते तिथंच कळतं, मसाई पठारावर कळून काय फायदा नाही.

बूट नवेकोरे नकोत आणि लई जुनेपण नकोत. जुन्याचं मला भोगायला लागलंय. चार वर्षं माळ्यावर पडलेले बूट होते, वरनं एकदम ठणठणीत, आणि करपेवाडीच्या अलीकडं चिखलात पाय रुतला तो बाहेर आला सोलशिवाय. नुसता बूट वर आला, सोल खालीच. नुसतं पडून राहूनसुद्धा सोलचा डिंक मरतो हे तेव्हा कळलं. मग नायलॉनची दोरी बुटाभोवती गुंडाळून संध्याकाळपर्यंत चाललो, दर अर्ध्या तासाला दोरी झिजून तुटायची. तेव्हापासनं निघायच्या आधी सोल हातानं वाकवून, ओढून बघतो आणि पाच-सहा मीटर दोरी बॅगेत ठेवतो. खाली खोल खाचा असलेला रबरी सोल पाहिजे. वॉटरप्रूफ बुटाच्या मागं पैसे घालू नका, ओढ्यात वरनं पाणी आत गेलं की ते आतच राहतं, त्यापेक्षा जाळीचा बूट बरा, पाणी निघून तरी जातं. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री कापली की कोपरे टोचतात.

मोजे तीन जोड घ्या आणि त्यातला एक जोड फक्त रात्री झोपायचा. तो झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि काहीही झालं तरी तो घालून चालायचं नाही. आख्ख्या ट्रेकमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम मला विचाराल तर हाच. दिवसभर भिजून पाय पांढरेफटक होतात, सुरकुत्या पडतात, कातडं मऊ पडून सोलायला लागतं. रात्रभर कोरडे राहिले तर सकाळी परत ताळ्यावर येतात, नाही राहिले तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाऊल टोचतं.

बाकी सामान थोडक्यात. बॅग पाच-सहा किलोच्या वर नको. आत मोठी प्लास्टिकची पिशवी लावायची आणि सगळं त्यात भरायचं, वरच्या रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका. छत्री पठारावर उलटी होते, पोंचो चांगला. जीन्स अजिबात नको. बॅटरी, शिट्टी, मीठ, कापडी मेडिकल टेप, व्हॅसलीन, ओआरएस आणि आपापली औषधं. मुलींनी पॅड तारीख नसली तरी ठेवावेत, चालण्याच्या ताणानं पाळी आधी येऊ शकते, आणि वापरलेले परत न्यायला वेगळी जाड पिशवी. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, एक काठी घ्या, खांद्याएवढी, चिखलात आणि ओढ्यात तिसरा पाय तीच. खायला भडंग, गूळ-शेंगदाणे, आणि घरनं दशम्या किंवा धपाटे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, दीड दिवस आरामात टिकतात. पावसात तहान कळत नाही म्हणून पाणी विसरू नका. वाहत्या ओढ्याचं पाणी कितीपण स्वच्छ दिसलं तरी वर गुरं असतात, वाडीत उकळून घ्या नाहीतर क्लोरीनचे थेंब टाका.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं एकट्यानं जाऊ नये. जुलैत बरेच ग्रुप ही मोहीम काढतात, त्यांना फीच्या आधी तीन गोष्टी विचारा, रात्रीचा मुक्काम कुठं आणि किती जणांचा, सगळ्यात शेवटी कोण चालणार, आणि एखाद्याला बाहेर काढायचं झालं तर गाडी कुठल्या वाडीपर्यंत येते. उत्तर देताना अडखळले तर दुसरा ग्रुप बघा. लहान मुलं किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं कोण बरोबर असेल तर पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, वाट तीच आणि ओढे उतरलेले असतात.

आता प्रत्यक्ष चालायचं. कोल्हापूरच्या सीबीएस एसटी स्टँडवरनं पन्हाळा वीसेक किलोमीटर, सकाळी लवकर पोचायचं, बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हात जोडायचे आणि गडाच्या राजदिंडी दरवाजाकडनं खाली उतरायचं. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज सुमारे ६०० मावळ्यांनिशी निघाले ते आषाढातल्या रात्री, धो धो पावसात, पालखी खांद्यावर घेऊन. तिथं उतरताना दिवसाउजेडी माझा पाय घसरतो तेव्हा प्रत्येक वेळी ती पालखीची माणसं आठवतात, आणि अंगावर काटा येतो. राजदिंडीला घाई करायची नाही. घोट्याजवळ नाडी घट्ट करा म्हणजे बोटं पुढं आदळत नाहीत, आणि पाऊल आडवं टाका.

तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठारावर आलात की वाट सपाट होते आणि माणूस निर्धास्त होतो, धोका तिथंच आहे. पठार मोठं आहे, धुकं उतरलं की पाच-दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, आणि गुरांच्या वाटा चारी बाजूंना फुटलेल्या. पुढचा दिसेना झाला की चालणं थांबवून शिट्टी वाजवायची, उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. मोबाईलमध्ये वाटेचा मॅप आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. जांभ्या कातळावर जिथं काळं बुळबुळीत शेवाळ दिसतंय तिथं पाय देऊ नका, ते चिखलापेक्षा वाईट, शेजारच्या गवतावरनं चला.

पहिली विश्रांती इथंच घ्या आणि बूट काढा. कंटाळा आला तरी काढा. पाय पुसा, बोटांच्या मधे व्हॅसलीन लावा, मोजे पिळून घाला. कुठं नुसती जळजळ वाटत असेल तर तीच वेळ आहे, जागा कोरडी करून टेप लावायचा, ओल्या कातड्यावर टेप बसत नाही. फोड आलाच तर मुद्दाम फोडू नका.

कुंभारवाडीनंतर खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागतात आणि वाट भातशेतीतनं जाते. जुलै म्हणजे रोप लावणीचा हंगाम, गुडघाभर चिखलात इरली (पावसापासून पाठ झाकणारी) घेऊन बायामाणसं वाकलेली असतात. इथं एकामागं एक, बांधावरनंच चालायचं, आणि बांधाच्या मधोमध. शंभर माणसांनी बांधाच्या कडेला पाय दिला की बांध खचतो, खाचरातलं पाणी खाली निघून जातं, आणि ज्याचं शेत त्याला दिवसभराचं काम परत करायला लागतं. हिरवागार दाट तुकडा दिसला तर ते गवत नाही, तरवा म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं आहेत, फोटोसाठी त्यात उतरू नका. एकदा एका मामांनी आम्हाला थांबवलं, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पोरांनो, तुमचा एक पाय म्हणजे आमची एक मूठ रोपं." त्यानंतर मी बांधावर बघूनच पाय टाकतो.

ओढ्यांचा नियम साधा ठेवा, पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ असेल आणि आवाज करत असेल तर उतरायचं नाही. हे ओढे छोटे, पाऊस थांबला की तास-दोन तासांत बऱ्याचदा उतरतात, तेवढं बसून राहा. उतरायचंच झालं तर बॅगेचे पट्टे सोडून ठेवा, तोंड प्रवाहाकडं, काठी पुढं टेकवून आडवं सरकायचं, आणि बूट घालूनच.

मुक्काम बहुतेकांचा आंबेवाडीला असतो. दारातच पाय धुवा, मग आत. आम्ही एका घरात उतरलेलो तिथल्या आजीनं आमचे मोजे मागून घेतले, पिळले आणि चुलीच्या वर आडव्या काठीवर ओळीनं वाळत टाकले. मग कोकमाचं घट्ट तेल पळीत कोमट करून दिलं आणि म्हणाली, "टाचंला चोळा, बोटांच्या बेचक्यात रात्रीचं लावू नका, तिथं कोरडंच पायजे." दुसऱ्या दिवशी आमच्यात लंगडणारं कोण नव्हतं. त्या घरात तांदळाची भाकरी, वरण आणि खर्डा होता, आम्ही बारा जण, तरी तिनं आधी आम्हाला वाढलं. अशा घरी ठरलेल्यापेक्षा थोडं जास्तच द्या, वादावादी करू नका, मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारत बसू नका, त्यांना पहाटे शेतावर जायचं असतं. कचरा त्यांच्या परड्यात टाकू नका, बिस्किटाचा कागदसुद्धा परत न्या.

दुसऱ्या दिवशी ओले मोजे घालायचं जिवावर येतं. घाला. पाच मिनिटांत सवय होते, आणि झोपायचा जोड वाचतो, तो परतीच्या गाडीत कामाला येतो. कळकेवाडी, माळेवाडी, पाटेवाडीकडनं जंगल दाट होत जातं आणि जळवा सुरू होतात. पँट मोज्यात खोचा, मिठाची पुरचुंडी ओली करून काठीच्या टोकाला बांधा, जळू चिकटली की तिला टेकवायची, सुटते. नंतर बराच वेळ रक्त वाहतं, कारण रक्त गोठू नये असा रस ती सोडते, घाबरू नका, धुऊन कापड दाबून धरा. सापाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, दगडाच्या खाचेत हात घालू नका, चावलाच तर पाय हलू न देता उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि १०८ ला फोन लावा, मांत्रिक नाही, ब्लेडनं चिरणं नाही.

म्हसवडे, पांढरपाणी आणि मग खिंड. लोखंडी शिडीनं एकेकानंच उतरा, खाली पाणी जोरात असेल तर वरनंच हात जोडा. बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं इथं उभी राहिली ती रात्रभर हीच वाट पळत येऊन, न झोपता, ओल्या पायांनी. स्पीकर आणि रील दहा मिनिटं बंद ठेवा, पाण्याचा आवाज ऐका. विशाळगड तिथनं पुढं आहे, पाय साथ देत असतील तरच जा, नाहीतर मलकापूरमार्गे कोल्हापूर गाठा.

घरी आल्यावर बुटात रद्दी पेपर कोंबून सावलीत वाळवा. पायावरच्या चिरा-खरचटी साबणानं धुऊन रोज बघा. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर व्हायरल समजून अंगावर काढू नका. चिखलातनं जखमेवाटे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) होऊ शकतो, वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो, म्हणून डॉक्टरांना तुम्ही भाताच्या चिखलात दोन दिवस चालून आलाय हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.