नव्या सीझनचे कपडे घेण्याआधीची तयारी: सगळ्यात आधी धडाची उंची मोजा

गेल्या सीझनला मी तीन कपडे घेतले आणि तिन्ही फसले. एक हाय वेस्ट, रुंद पायांची पँट, एक कमरेत शिवण असलेला ड्रेस आणि एक जंपसूट. छाती, कंबर, सीट ही मापं मी घरी घेतली होती, साइझ चार्टशी ताडून पाहिली होती, माझा बॉडी शेप कोणता तेही ठरवलं होतं. तरी जंपसूट घालून पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि खांद्याची पट्टी गळ्याशी रुतली, आसनाची, म्हणजे दोन पायांमधली, शिवण वर ओढली गेली. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने उठायचं आणि कापड खाली ओढायचं, एवढंच चाललं होतं. रात्री कपडे बदलले तेव्हा दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंदीचे लाल वळ उठले होते. घेर सगळे बरोबर होते. मोजायची राहिली ती उंची. माझी उंची मला माहीत होती, धडाची नव्हती. खांद्यापासून कमरेपर्यंत किती आणि कमरेपासून आसनापर्यंत किती, हे मी कधी मोजलंच नव्हतं. म्हणून या वेळी सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

कपाट उपसून काय आहे, काय नाही ते बघणं वगैरे सांगायला नको. फक्त एक करा. सारखा ज्यांच्याकडेच हात जातो असे दोन-तीन कपडे, त्यात एक पँट हवीच, बाजूला काढून ठेवा. पुढे लागणार आहेत.

मग मापं. टेप शिंप्याकडे असते तशी मऊ घ्या, आणि जुनी असेल तर आधी पट्टीला लावून बघा, कारण वापरून वापरून ती लांबते. नव्या कपड्यांच्या आत जे घालणार तेच अंतर्वस्त्र घालून मोजा. पोट आत ओढू नका. श्वास सोडा आणि मग वाचा. कंबर कुठे आहे हा प्रश्न पडत असेल तर पोटाभोवती एक नाडी सैलसर बांधा आणि दोन्ही बाजूंना दोन-तीनदा वाका. नाडी जिथे जाऊन थांबेल ती तुमची कंबर. सीट मोजताना पाय जुळवून उभं राहायचं आणि सगळ्यात रुंद जागा शोधायची. ती कमरेच्या साधारण १८ ते २३ सेंटिमीटर खाली सापडते. इथवर सगळ्याच जणी करतात.

आता नाडी सोडू नका. इथेच माझं चुकलं होतं. मान पुढे झुकवल्यावर मागे जे हाड हाताला लागतं तिथून नाडीपर्यंत पाठीची उंची मोजा. मग पुढून, मानेलगतच्या खांद्यापासून छातीच्या उंचवट्यावरून नाडीपर्यंत. नंतर कडक बैठकीच्या खुर्चीवर ताठ बसा आणि कुशीला नाडीपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. ही आसनाची खोली. गादीच्या खुर्चीवर मोजलंत तर माप खोटं येईल. शेवटचं माप एकटीने घेता येत नाही, कुणाला तरी हाताशी घ्या. खांद्याच्या मध्यापासून टेप पुढून खाली, पायांमधून मागे आणि परत त्याच बिंदूवर. जंपसूट, बॉडीसूट, पोहण्याचा पोशाख, यांपैकी काहीही घ्यायचं असेल तर या पूर्ण फेऱ्याच्या मापाशिवाय घेऊ नका. वहीत ही उंचीची मापं छाती-कंबर-सीटच्या वर लिहा, खाली नको. वर लिहिलेलं आधी वाचलं जातं.

एवढा आग्रह का, ते पँटवरून सांगते. माझी कंबर ७८ सेंटिमीटर, पँटची कंबरही ७८. पण पँटची पुढची आसनउंची, म्हणजे आसनाच्या चौकापासून कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतची शिवण, २७ सेंटिमीटर होती आणि मला ३१ लागते. पट्टी कमरेवर पोचलीच नाही. चार सेंटिमीटर खाली अडकली, आणि तिथे माझा घेर ८३ आहे. मला वाटत राहिलं की मी जाड झाले, साइझ वाढवायला हवी. वाढवून दुसरी मागवली तर मांड्यांवर झोळ आणि कमरेला तरी काच तसाच! आकडा बरोबर होता, तो चुकीच्या उंचीवर बसला होता. ड्रेसचंही तेच, फक्त उलट दिशेने. कमरेची शिवण बरगड्यांवर आली, तिथे घट्ट, आणि खऱ्या कमरेशी कापड फुगलेलं. ज्यांचं धड आखूड आणि पाय लांब त्यांचं याच्या नेमकं उलट होतं. हाय वेस्टची पट्टी थेट छातीखाली जाते आणि बसलं की टोचते.

बाजूला काढलेली पँट आता घ्या. सपाट पसरा आणि तिची पुढची आणि मागची आसनउंची शिवणीवरून मोजा. मागची जास्त असते, कारण बसताना कापड तिथेच लागतं. हे दोन आकडे म्हणजे तुमची खरी साइझ. ऑनलाइन घेताना कपड्याच्या तपशिलात 'फ्रंट राइज', म्हणजे हीच पुढची आसनउंची, शोधा. 'हाय राइज' या शब्दावर विसंबू नका. माझी २७ची आणि ३१ची, दोन्हींवर हाच शब्द छापलेला होता. आकडा दिला नसेल तर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर तो कपडा सोडून द्या.

साइझ चार्टवर हे का नसतं याचा मला राग आहे, कारण कधी काळी ते होतं. अमेरिकेत १९३९-४० मध्ये जवळजवळ १५,००० स्त्रियांची प्रत्येकी पन्नासहून अधिक मापं घेतली गेली आणि त्यावरचा अहवाल १९४१ मध्ये आला. पुढे १९५८ मध्ये जी प्रमाण मापपद्धत ठरली, तिच्यात साइझच्या आकड्यासोबत उंच, मध्यम की ठेंगणी हे सांगणारं अक्षर असायचं आणि सीट भरीव की सडपातळ याचीही खूण असायची. १९८३ मध्ये ती पद्धत मागे घेतली गेली. आता लेबलवरचा आकडा ज्याचा त्याने ठरवलेला असतो, म्हणून एकीकडे मीडियम आणि दुसरीकडे लार्ज झालात तर मनाला लावून घेऊ नका. 'पेटीट' हा शब्दही नीट समजून घ्या. तो बारीक अंगासाठी नाही. साधारण १६३ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीसाठी तो असतो, आणि त्यात खांदा ते कंबर, आसन, बाही असं उभं प्रमाणच कमी केलेलं असतं. अंगाने भरलेल्या पण आखूड धडाच्या बाईलाही पेटीट लागू शकतं.

बॉडी शेप आता. त्याला फार वेळ देऊ नका, पण वगळूही नका. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या २००५ च्या अभ्यासात सहा हजारांहून जास्त स्त्रियांचे आकार तपासले तेव्हा ४६ टक्के जणी आयताकृती निघाल्या, म्हणजे छाती, कंबर, सीट यांत फार फरक नसलेल्या. सीट जास्त भरलेल्या २० टक्क्यांच्या थोड्या वर, खांदे-छाती रुंद असलेल्या १४ टक्क्यांच्या जरा खाली. आणि जिच्या मापाने सगळे सल्ले लिहिले जातात ती वाळूच्या घड्याळासारखी आकृती फक्त ८ टक्के. तेव्हा आयताकृती असाल तर बेल्ट आवळून कंबर 'निर्माण' करण्याचा अट्टहास करू नका. खांद्यावर नीट बसलेलं सरळ जॅकेट आणि सरळ पँट तुमच्यावर जशी पडेल तशी इतर कुणावर पडणार नाही. सीट भरीव असेल तर पँट सीटच्या मापाने घ्या आणि कंबर शिंप्याकडून आत घालून घ्या, उलटं कधीच नाही. खांदे रुंद असतील तर मुंढ्याची शिवण नेमकी हाडावर येते का तेवढं बघा. पोटाशी घेर असेल तर पुढे चुण्या नकोत, कापड सपाट पडू द्या. आणि आडव्या पट्ट्यांची भीती सोडा. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसतो हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६७ मध्येच नोंदवलं होतं, आणि इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ते कपड्यांवर तपासलं, तेव्हा आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं याला आधार सापडला नाही.

पण शेप एकच असलेल्या दोघींना एकच ड्रेस बसत नाही, कारण शेप फक्त आडवं सांगतो. धडाची उंची! एकीची कमरेची शिवण कमरेवर येईल, दुसरीची बरगड्यांवर.

ट्रेंडकडे बघतानाही हाच पहिला प्रश्न ठेवा: या सीझनला कंबर कुठे बसवली आहे? न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिसच्या फॅशन शोंमध्ये फेब्रुवारी-मार्चला जे दाखवतात ते येणाऱ्या हिवाळ्यासाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं पुढच्या उन्हाळ्यासाठी. म्हणजे जवळजवळ सहा महिने हातात असतात, घाईने पहिल्या आठवड्यात उडी मारायची गरज नाही. आणि कंबरेची रेघ सतत फिरत आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती छातीखाली होती, १९२० च्या दशकात घसरून सीटवर आली, फ्रेंच डिझायनर डिओरने १९४७ मध्ये ती पुन्हा खऱ्या कमरेवर आणून आवळली, १९६० च्या दशकातल्या सरळ ड्रेसमधून गायबच झाली, २००० नंतर लो वेस्टमुळे बेंबीखाली गेली आणि पुढच्या दशकात परत वर चढली. तुमची कंबर मात्र आहे तिथेच आहे. लांब धड असेल तर लो वेस्टच्या लाटेत सावध राहा, धड आणखी लांब दिसतं. आखूड धडाला ती लाट मानवते. कंबर घसरलेले ड्रेस आले तर लांब धडावर पाय अर्धे दिसतात, त्याऐवजी कमरेत शिवणच नसलेला घ्या. आखूड जॅकेट लांब धडावर फार छान दिसतं, मात्र खाली पट्टी खऱ्या कमरेवर येणारीच पँट हवी, नाहीतर मध्ये फट राहते आणि हात सारखा टॉप खाली ओढायला जातो.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. रंगांची कंपनी पँटोन दरवर्षी एक 'वर्षाचा रंग' जाहीर करते; २०२४ ला तो पीच फझ होता, २०२५ ला मोका मूस. चेहऱ्याजवळ नको वाटला तर पिशवीत किंवा चपलेत घ्या. दुकानातल्या दिव्याखाली नव्हे, दारात उभं राहून दिवसाच्या उजेडात बघा.

कापडाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. 'स्ट्रेच आहे, होईल' असं म्हणून माप सोडू नका. बहुतेक स्ट्रेच डेनिममध्ये इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, आडव्या धाग्यात असतं. ते घेराला सैल होतं, उंचीला नाही. आसन कमी पडत असेल तर स्ट्रेच पँटमध्येही कमीच पडणार. लिनन तर कुठेच ताणलं जात नाही, त्यात बसून बघणं दुप्पट गरजेचं. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापलेला स्कर्ट असेल तर एक दिवस टांगून ठेवा आणि मगच खालची दुमड घाला, तो स्वतःच्या वजनाने उतरतो. जड विणीचे लांब ड्रेसही तसेच उतरतात.

ट्रायल. आरशासमोर उभं राहून वळणं ही ट्रायल नव्हे. बसा. पूर्ण दोन मिनिटं बसा, पाय एकावर एक टाका, दोन्ही हात वर करा, बुटाची नाडी बांधायला वाका. मग उभ्या राहा आणि काही ओढून सारखं करावं लागतंय का ते बघा. लागत असेल तर कपडा परत. कमरेची शिवण नाडीच्या जागेवर आली का, बोटाने चाचपा. कुशीतून आणि मागून कुणाकडून फोटो काढून घ्या. ज्या टाचेच्या चपला घालणार त्याच घालून उंची बघा.

शिंप्याकडे काय होतं आणि काय नाही हे आधीच ठरवा. खालची उंची कमी होते, कंबर आत घालता येते, बाही आखूड होते, टक्स घालता येतात. खांदा बदलणं कटकटीचं आणि क्वचितच नीट जमतं. धडाची उंची वाढवता येत नाही. आसन वाढवता येत नाही. आत सोडलेलं कापड जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असतं, त्यातून चार सेंटिमीटर निघणार कुठून? माझा जंपसूट मी उसवायला नेला तेव्हा शिंप्याने आतली शिवण उलटी करून दाखवली. कापडाची ती बारीक कड बघितली आणि मी तो तसाच घडी करून परत आणला.

बाकी भराभर. परत करायची मुदत घेण्याआधी वाचा. धुवायची सूचना बघा, सुती विणीचा कपडा पहिल्या धुण्यात आटू शकतो. एका कपड्याबरोबर घरातले निदान तीन जुने कपडे जुळतात का बघा. पारदर्शक असेल तर अस्तराचं आताच बघून ठेवा. सीझनच्या सुरुवातीला एकच नवा आकार घ्या, बाकीचे थांबू शकतात. लेबल कापायला कात्री हातात घ्याल तेव्हा आधी घरच्या कडक खुर्चीवर परत एकदा बसा.