अ‍ॅनिमे आधी मनसोक्त बघा, मग बारकाईने: हे कसं जमवावं

आमच्या मालवणात दशावतार बघणारा माणूस रात्रभर राक्षसाच्या आरोळीने दचकतो, आणि पहाटे नाटक सुटलं की चहाच्या टपरीवर त्याच राक्षसाचं युद्ध कुठे ढिलं पडलं ते सांगतो. आख्यान त्याला आधीपासून पाठ असतं, तरी रंगतो. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, बघायलाही मला हीच रीत पटते. आनंद रात्री, पारख सकाळी.

१. पहिल्यांदा नुसतं बघा. सिनेमा आधीच डाउनलोड करून ठेवा. पावसात लाईट आणि नेट एकदमच जातात. आवाज मूळ जपानी, खाली सबटायटल्स. आजीला वाचायला जड जात असेल आणि हिंदी डब मिळत असेल, तर खुशाल तोच लावा. मध्ये थांबवू नका.

२. दुसऱ्या दिवशी एकच प्रसंग आठवा. हायाओ मियाझाकी यांचा २००८ सालचा ‘पोन्यो’ आम्ही गेल्या पावसाळ्यात घरी बघितला. भाच्याला माशांच्या आकाराच्या लाटांवरून धावणारी मुलगी आठवत होती. माझ्या बहिणीला मात्र दुसरंच काही. नवरा आज घरी येत नाही म्हणून चिडलेली सिनेमातली लीसा, रात्री समोरून जाणाऱ्या त्याच्या जहाजाला दिव्याची उघडझाप करून ‘मूर्ख, मूर्ख’ असं पुन्हा पुन्हा कळवते. बहिणीचा नवरा ट्रॉलरवर असतो. १ जूनला मासेमारी बंद होईपर्यंत तिच्या कितीतरी रात्री वाट बघण्यात जातात. ती एवढंच म्हणाली, “बरा केल्यान!”

पारख इथूनच सुरू होते. हाच प्रसंग का भिडला? अंधार, समुद्र आणि एक दिवा, एवढ्यावर नवरा-बायकोचं भांडण उभं राहिलंय. लांबलचक संवादाने ते इतकं बोचलं नसतं. तुमचं उत्तर वहीत दोन ओळींत लिहून ठेवा.

३. दुसऱ्यांदा बघताना एकच प्रश्न धरा. संगीत, रंग, हालचाल, यातलं एकच काहीतरी. मी हालचाल निवडतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या स्थिर प्रतिमा, असतात, पण अ‍ॅनिमेत बरेचदा एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते; चित्र कधी बदलतं ते मोजा.

टीव्हीच्या मालिकेत चेहरा स्थिर आणि फक्त ओठ हलताना दिसले, तर लगेच आळशीपणा म्हणू नका. ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ १९६३ पासून दर आठवड्याला यायची; तेवढ्या वेळात आणि पैशात चित्रं वाचवणं भागच होतं. तो स्थिरपणा प्रसंगाला शोभतो का, एवढं बघा. उलट ‘पोन्यो’साठी सुमारे १,७०,००० चित्रं काढली, आणि समुद्रही हातानेच रेखाटला.

४. कोणाशी तरी बोला. समोरचा ‘भारी’ किंवा ‘बकवास’ म्हणाला तर “नेमकं कुठे?” एवढंच विचारा.

दमून आलेल्या दिवशी तिसरी पायरी सोडून द्या. नुसतं हसायला, रडायला बसलात तरी काही चुकत नाही. माझ्याही कितीतरी मालिका एकदाच बघून झाल्यात.

भाच्याबरोबर मी तो लाटांचा तुकडा फ्रेमफ्रेमने बघितला. एका लाटेच्या अंगावर डोळा दिसला तसा तो ओरडलाच, “मामा, मागे घे!” दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर चिवला बीचवर गेलो, तर हा वही उघडून लाट फुटायच्या आधी कशी वाकते ते काढत बसला होता.