परदेशी सीझन अडचणीत येण्याआधी: गोव्यातल्या गेस्ट हाऊसवाल्यांनी करायचा हिशेब

जगात कुठे युद्ध पेटलं की किनाऱ्यावर पहिला प्रश्न येतो, ‘यंदा चार्टर, म्हणजे पर्यटकांसाठी खास भाड्याने घेतलेली विमानं, येणार का?’ उत्तर शोधण्याआधी आपला सी-फॉर्मचा, म्हणजे परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवण्याच्या फॉर्मचा, रेकॉर्ड काढा. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत ही माहिती द्यावीच लागते, त्यामुळे ती घरातच आहे. मागच्या दोन सीझनची देशवार बेरीज करा. डोकी नव्हे, रात्री मोजा. मोरजीत पंधरा दिवस राहणारं रशियन कुटुंब आणि दोन रात्रींचा बॅकपॅकर एकाच मापाने धरले तर हिशेब फसतो. एकाच देशाच्या रात्री एकूण रात्रींच्या एक-तृतीयांशाहून जास्त असतील, तर आमच्या मते धोका आहे.

मग संकट नेमकं कुठे अडवतंय ते बघा: विमान, व्हिसा, पैसा की नुसती भीती. 2014 च्या अखेरीस रुबल कोसळला, तेव्हा व्हिसा मिळत होता, पण प्रवासच परवडेना. अशा वेळी छोटं, स्वस्त पॅकेज चालतं. मार्च 2020 मध्ये मात्र दारंच बंद झाली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं पूर्ववत व्हायला 27 मार्च 2022 उजाडला. तिथे दर पाडून काय होणार? 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं परदेशात चालेनाशी झाली. म्हणून पैसे कसे देणार, हे बुकिंग घेतानाच विचारा. मनी चेंजरचा परवाना नसेल तर परदेशी नोटा घेऊ नका.

खरा घाव उधारीत बसतो. 23 सप्टेंबर 2019 ला ब्रिटनची थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बुडाली आणि गोव्यातल्या हॉटेलवाल्यांची बिलं अडकली. 20 खोल्या, 2,500 रुपये दर, 60 दिवसांची उधारी म्हणजे 30 लाख रुपये दुसऱ्याच्या हातात. पर्यटक पाठवणाऱ्या एजंटबरोबरच्या करारात तीन गोष्टी लिहूनच घ्या: पहिल्या विमानाआधी आगाऊ रक्कम, दर पंधरा दिवसांनी बिल, आणि ठरलेल्या तारखेला पैसे न आल्यास खोल्या परत विकण्याचा हक्क. मागचं बिल थकलं असेल तर पुढची तुकडी घेऊ नका, एजंट कितीही जुना असो.

रिकाम्या खोल्या देशी पाहुण्यांनी भरता येतात, पण जुन्या दराने नाही. ते बहुधा शनिवार-रविवारी येतात, दोन रात्री राहतात. चादरी, धुलाई, साफसफाई प्रत्येक बदलीला नव्याने. पंधरा दिवसांत एका परदेशी कुटुंबासाठी खोली लावायला कामगारांचा जितका वेळ जातो, त्याच्या कितीतरी पट इथे जातो. दर ठरवताना तो आधी धरा.