मू पिंग: थायलंडच्या फुटपाथवरचा नाश्ता घरच्या शेगडीवर

बँकॉकमध्ये सकाळी कामावर निघालेली माणसं स्कायट्रेनच्या जिन्याखाली, बस थांब्याजवळ, शाळेच्या फाटकापाशी धुरकट हातगाड्यांभोवती थांबतात. दोन-तीन काड्या मू पिंग, म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेलं पोर्क, आणि चिकट भाताची एक पुडी घेऊन पुढच्या मिनिटाला चालू लागतात. पोर्कचा हा प्रकार तिथे मुख्यतः न्याहारीचा. काडी साधारण 10 ते 15 बाटला (बाट हे थायलंडचं चलन) मिळते आणि ती खायला ना ताटली लागते ना टेबल.

घरी करायचं तर सगळी मेहनत आदल्या रात्रीची.

मांस. एक किलो पोर्क घ्या, खांद्याचं किंवा मानेचं. निव्वळ लाल, चरबी काढलेलं मांस घेतलंत तर काड्या चिवट होणार, मसाला कितीही चांगला असो. पाव भाग तरी चरबी हवी. तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून थोडा कडक केला की नीट कापता येतो. रेषांना आडवे, अर्धा सेंटीमीटर जाडीचे, दोन बोटं रुंद काप करा. चौकोनी फोडी करू नका. तो कबाबचा घाट झाला. पोर्क चालत नसेल तर कोंबडीच्या मांडीचं मांस घ्या.

वाटण. थाई स्वयंपाकातलं नेहमीचं त्रिकूट म्हणजे कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि पांढरी मिरी. आपल्या मंडईतल्या जुडीला मुळं असतातच आणि आपण ती बिनदिक्कत कचऱ्यात टाकतो! सहा-सात मुळं घासून धुवा. त्यांत माती अडकून बसते. मुळं, दहा पाकळ्या लसूण आणि चमचाभर पांढरी मिरी खलबत्त्यात बारीक कुटा. मिक्सरमध्ये एवढंसं वाटण पात्याखाली नुसतं फिरत राहतं.

यात तीन मोठे चमचे ताडगूळ, तीन मोठे चमचे ऑयस्टर सॉस, दोन फिश सॉस, एक सोया सॉस आणि अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध घाला. ताडगूळ नसेल तर गोव्याकडचा माडाचा गूळ वापरा. थायलंडमध्येही ताड आणि माड दोन्हींच्या रसाचा गूळ करतात. फिश सॉसचा वास बाटली उघडताना अंगावर येतो, पण निखाऱ्यावर तो निवतो, म्हणून प्रमाण कमी करू नका. वेगळं मीठ मात्र लागत नाही.

काप या मसाल्यात हाताने चोळून फ्रीजमध्ये किमान चार तास, शक्यतो रात्रभर मुरू द्या.

काड्या. बांबूच्या काड्या तासभर पाण्यात भिजवा. काप नागमोडी ओवा, प्रत्येक काडीवर तीन-चार, एकमेकांना दाबून. मधे फट राहिली तर कडा वाळतात. चरबीचा एखादा तुकडा मधे ओवायची विक्रेत्यांची रीत उत्तम. तो वितळून शेजारच्या मांसाला ओलं ठेवतो.

निखारे. घाई इथेच नडते. मसाल्यात गूळ आहे, तो जाळावर मिनिटभरात काळा पडतो आणि आत मांस कच्चंच राहतं. कोळशावर राखेचा पांढरा थर आला, ज्वाळा पूर्ण बसल्या, की मगच काड्या ठेवा. सारख्या उलटत राहा. वेगळ्या वाटीत काढलेलं नारळाचं दूध ब्रशने दोन-तीनदा लावा. मुरवलेल्या मांसाखालचा रस यासाठी वापरू नका, तो कच्चा असतो. दहा-बारा मिनिटांत कडा तांबूस-काळसर होतात. जाड तुकडा कापून बघा: आत गुलाबी कच्चेपणा नको. थर्मामीटर असेल तर पोर्कला 71 अंश सेल्सिअस पुरे, कोंबडीला 74 हवेत. शेगडी नसेल तर बिडाच्या तव्यावर मंद आचेवर जमतं, धुराचा वास तेवढा हुकतो.

भात. सोबत चिकट भातच हवा. आपला इंद्रायणी मऊ असला तरी हे काम करत नाही. आसामचा बोरा तांदूळ चालतो. चार तास भिजवा, निथळा आणि मोदकपात्रात ओल्या फडक्यावर पसरून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, मधे एकदा उलथा. पाण्यात शिजवू नका, लगदा होतो. हाताने गोळा करायचा आणि मांसाबरोबर खायचा.

रस्त्यावर बरेच जण चटणीशिवायच खातात. तिखट हवं असेल तर ईशान्य थायलंडची जेओ चटणी करा: दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ, दोन फिश सॉस, एक गूळ, चमचाभर सुक्या मिरचीचं भरड तिखट आणि थोडा चिरलेला कांदा. कोरड्या कढईत खमंग भाजलेल्या तांदळाची भरड आयत्या वेळी, वाढताना घाला. आधी घातलीत तर ती फुगते आणि चटणीची पेज होते.