शिपवर पोस्टिंग झाली म्हणजे सी-टाइम झाला असं नाही (नेव्हीत जाणाऱ्या इंदूरच्या पोरापोरींसाठी)

आपल्या इंदूरात फौज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे महू येतं, इन्फन्ट्री स्कूल, सिग्नलवाल्यांचं कॉलेज, प्रत्येक मराठी घरात एक तरी काका तिथून रिटायर झालेले. नेव्ही म्हटलं की लोक हसतात, समुद्र कुठाय भिया इथे. तरी आता लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगरमधनं बरीच पोरं अग्निवीरचा फॉर्म भरतायत, मुली पण भरतायत, आणि मी इलेक्ट्रिकल ब्रांचचा जुना सेलर म्हणून माझ्याकडे येतात. विचारतात दोनच गोष्टी. शिपवर गेल्यावर भत्ता किती, आणि छातीवर बॅज कधी लागतो.

पहिलं हे समजून घ्या की शिपवर पोस्टिंग आणि समुद्रावर असणं, म्हणजे सी-टाइम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरचे समजतात की पोरगा शिपवर आहे म्हणजे रोज लाटांमध्ये आहे, पण युद्धनौकेच्या आयुष्यातला बराच काळ जेटीला बांधून जातो आणि मोठा रिफिट, म्हणजे शिपची मोठी दुरुस्ती, निघाला की डॉकयार्डात महिनोन् महिने, कधी वर्षाच्या वर. त्या दिवसांत काम नसतं असं अजिबात नाही. रिफिटमधली शिप म्हणजे वेल्डिंगचा धूर, उघडी केबल, एसी बंद, आणि वर ड्युटी वॉच, म्हणजे पाळीची ड्युटी, आहेच, मला तर कधी कधी सेलिंग बरं वाटायचं. पण तो सी-टाइम नव्हे. चार-चार तासांचे वॉच, रोलिंगमध्ये पॅनल उघडून फॉल्ट शोधणं, पोटात काही टिकत नसताना सर्किट डायग्राम वाचणं, हे जेटीला शिकता येत नाही.

आता उलटी बाजू बघा. आमच्या वेळेस डॉकयार्डच्या मेंटेनन्स टीममधला एक जण होता, कागदावर शोअर पोस्टिंग, म्हणजे किनाऱ्यावरची, पण प्रत्येक ट्रायलला, म्हणजे शिप समुद्रात नेऊन तपासताना, टूलकिट घेऊन कुठल्या ना कुठल्या शिपवर चढायचा. आमच्यातल्या काही शिपवाल्यांपेक्षा त्याने जास्त समुद्र पाहिला असेल, आणि मेसमध्ये मात्र ऐकायला लागायचं की तू काय, शोअरवाला! याचा मला आजही राग येतो.

माझं मत सरळ आहे, बॅज हा खरोखर समुद्रावर काढलेल्या दिवसांवर असावा. कॅनडाच्या नौदलाने हे केलंय, त्यांच्याकडे सी सर्व्हिस इन्सिग्निया नावाचा बॅज आहे, एकूण समुद्रावरचे दिवस मोजतात, 365 झाले की ब्राँझ, 730 ला सिल्व्हर, 1095 ला गोल्ड. कोणत्या शिपच्या यादीत नाव होतं हा प्रश्नच नाही, दिवस दाखव. अमेरिकेच्या अण्वस्त्रवाल्या पाणबुड्यांवर डिटरन्ट पॅट्रोलचा, म्हणजे शत्रूला धाक ठेवणाऱ्या गस्तीचा, पिन असतो, त्यात गस्ती वाढल्या की तारे वाढतात. म्हणजे मोजणं अशक्य आहे हे कोणी सांगू नये, लॉगबुक तर प्रत्येक शिपवर लिहिलंच जातं.

पण सगळे बॅज दिवसांवर तोलू नका. पाणबुडीवाल्यांचा डॉल्फिन बॅज घ्या, तो ट्रेनिंग आणि परीक्षा पास करून मिळतो, बोटीतली प्रत्येक सिस्टीम येते की नाही ते उलटंसुलटं विचारून बघतात. तो कौशल्याचा बॅज आहे, तो तसाच राहावा. दिवसांचा वेगळा, कौशल्याचा वेगळा, दोन्हींची खिचडी केली की जो नुसता बसून होता तो पण मिरवतो.

भत्त्याचं मात्र इतकं सोपं नाही. सातव्या वेतन आयोगापासून आपल्याकडे जोखीम आणि हालअपेष्टा अशा दोन बाजूंचा नऊ खानी तक्ता आहे, समुद्रावरचा भत्ता त्यातच बसवलाय, आणि सियाचीन त्या तक्त्याच्याही वर ठेवलंय, 2017 मध्ये जवानांना महिना 30,000 आणि ऑफिसरना 42,500 केलं. पोरं म्हणतात समुद्राचे पण वेगळे द्या, जितके दिवस बाहेर तितके पैसे. ऐकायला बरं वाटतं, पण मग शिप रिफिटला गेली की सेलरच्या घरचा हप्ता कोण भरणार? शिप कधी निघायची हे काय तो ठरवतो? म्हणून मला दोन भाग पटतात, शिपवर नेमणुकीचा एक ठरलेला भाग आणि वर प्रत्यक्ष सेलिंगच्या दिवसांचा दुसरा. कॅनडात शिपवर नेमलेल्याला सी ड्युटी अलाउन्स आहे आणि जो नेमलेला नाही पण तात्पुरता समुद्रावर जातो त्याला वेगळा कॅज्युअल भत्ता, म्हणजे आमच्या त्या टूलकिटवाल्यासारख्यांची पण सोय. अमेरिकेत करिअर सी पे हुद्दा आणि सी ड्युटीची एकूण वर्षं पाहून वाढतो, सलग 36 महिन्यांनंतर वर प्रीमियम.

कोणी मर्चंट नेव्हीचं उदाहरण देईल की तिथे सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, सगळी नोंद असते. असते, पण ती साइन-ऑनपासून (जहाजावर रुजू) साइन-ऑफपर्यंत (जहाज सोडणं), बंदरातले दिवस धरून. त्यांची जहाजं बंदरात पडून राहिली तर मालक बुडेल, म्हणून तिथे ते चालतं, युद्धनौकेला तोच हिशोब लावला तर फसाल. त्यांचा एक नियम मात्र मला फार आवडतो, सर्टिफिकेट चालू ठेवायचं तर मागच्या पाच वर्षांत 12 महिने किंवा मागच्या सहा महिन्यांत 3 महिने समुद्रसेवा दाखवावी लागते, नाहीतर परत कोर्स किंवा परीक्षा वगैरे. जुन्या पुण्याईवर चालत नाही.

तुम्हाला याचं काय, तर 2022 पासून अग्निवीरची चार वर्षं आहेत. पहिल्या वर्षी 30,000 मधले हातात 21,000 येतात, तेव्हा भत्त्याकडे लक्ष जाणारच. पण ओडिशात आयएनएस चिल्का या तळावरचं ट्रेनिंग, मग ट्रेडचं, इलेक्ट्रिकलला जामनगरचं वलसुरा, इंजिनवाल्यांना लोणावळ्याचं शिवाजी, यात बराच वेळ जातो. उरलेल्यात शिप रिफिटला लागली की गेलं. चार वर्षांनी पुढे 25 टक्क्यांपर्यंतच ठेवून घेतात, बाकीच्यांना मर्चंट नेव्हीत जाण्यासाठी सरकारने वाटा काढल्यात, तिथे तुम्ही कशावर काय काम केलंय हे विचारणारच. म्हणून शिपवर गेल्यावर डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे तुमच्या गटाच्या ऑफिसरला, तोंडाने सांगा की सर मला सेलिंग हवंय, दुसरी शिप ट्रायलला जात असेल आणि माणूस कमी असेल तर हात वर करा. चीफ लोकांशी, म्हणजे सिनियर सेलरांशी, नीट राहा, खरी खबर त्यांच्याकडे असते. उलटी सगळ्यांना होते, मला पण व्हायची, सुकी भाकरी आणि आलं खिशात ठेवा.

आणि एक साधी वही ठेवा. जेटी कधी सोडली, परत कधी लागलो, कुठला वॉच, कुठल्या मशीनवर काम, एवढंच. शिप कुठे होती, कशासाठी होती हे चुकूनही लिहायचं नाही, घरी फोनवर पण नाही आणि स्टेटसवर तर नाहीच. पोस्टिंग बदलताना सर्व्हिस रेकॉर्डमधल्या नोंदी वहीशी ताडून घ्या, आणि हे ऑफिसर बदलून जायच्या आत करा, नंतर तो विशाखापट्टणमला, तुम्ही कारवारला, आणि सहीसाठी कोण कोणाला शोधत बसणार.